वांग्याच्या प्लॉटवर शेतीशाळा: एकात्मिक कीड व्यवस्थापनात शेतकऱ्यांना सोबत कसं घ्यावं

नव्याने रुजू झालेले सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक), शेतकरी उत्पादक कंपनीत लागलेले कृषी पदवीधर, गावपातळीवर काम करणारे संस्थेचे कार्यकर्ते, अशांसाठी हे लिहितोय. एकात्मिक कीड व्यवस्थापन तुम्ही शिकून आलेले असता. आधी मशागत, मग यांत्रिक उपाय, मग जैविक आणि शेवटी रासायनिक, ही उतरंड तोंडपाठ असते. घोडं अडतं ते पुढे. गावात सभा होते, पत्रकं वाटली जातात, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे चार कामगंध सापळे फुकट दिले जातात, फोटो निघतात. महिन्याने परत जावं तर सापळे गोठ्याच्या वळचणीला टांगलेले आणि प्लॉटवर तिसऱ्या दिवसाआड पंप सुरू.

माझा पहिला हंगाम असाच गेला. शेतकरी ऐकत नाहीत, असं मी तेव्हा वरिष्ठांना सांगितलंही. आज त्याचं वाईट वाटतं. सापळ्यात पडलेले पतंग मोजून पुढे काय करायचं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. झाडावर माल लटकतोय, उसनवारी डोक्यावर आहे आणि शेंडे माना टाकतायत, अशा वेळी माणूस हातात जे आहे ते मारणारच. कीड व्यवस्थापन म्हणजे दर आठवड्याला शेतात उभं राहून घेतलेला निर्णय, आणि तो निर्णय शेतकऱ्याला स्वतःला घेता आला पाहिजे. तुमचं सगळं काम त्याला त्या निर्णयापर्यंत नेण्याचं आहे.

याची जी पद्धत आपण शेतीशाळा म्हणून ओळखतो, ती इंडोनेशियात भाताच्या बांधावर घडली. तिथे भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं आणि फवारणी वाढेल तसे तुडतुडेही वाढत होते, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शाळा थेट शेतात भरू लागल्या. महाराष्ट्रात कृषी विभाग सोयाबीन, कापूस, तूर या पिकांवर शेतीशाळा घेतो. माझ्या मते भाजीपाल्याला तिची गरज जास्त आहे. भाजीत फवारण्या जास्त, तोडे दोन-तीन दिवसाआड, आणि फवारलेला माल दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ताटात.

मी वांगं धरून सांगतो. वांग्याचं पीक सहा महिने आणि कधी त्याहून जास्त उभं असतं, त्यामुळे शिकायला वेळ मिळतो. शिवाय त्यावरची शेंडे आणि फळं पोखरणारी अळी नुसत्या औषधाला दाद देत नाही, हे शेतकऱ्यांनी आधीच अनुभवलेलं असतं.

रोपं टाकण्याआधी गावात जा

कीड दिसल्यावर गेलात तर उशीर झाला. तेव्हा लोकांना फक्त औषधाचं नाव हवं असतं. रोपवाटिकेच्या आधी, हातात थोडा निवांतपणा असताना पारावर किंवा कुणाच्या ओट्यावर बसा. पहिल्या बैठकीत काही शिकवू नका. मागच्या हंगामाची गोष्ट काढा.

एक साधी रीत सांगतो. जमिनीवर काडीने एक लांब रेघ मारा. एका टोकाला लागवड, दुसऱ्या टोकाला शेवटचा तोडा. मधे महिन्यांच्या खुणा करा. आता प्रत्येक फवारणीला एक खडा ठेवायला सांगा. एका वाडीत हे करताना गोळा केलेले खडे संपले आणि एक मावशी उठून घरातून ओंजळभर चिंचोके घेऊन आल्या. रेघ भरत गेली तसतशी माणसं गप्प झाली. मी एक शब्द बोललो नव्हतो. मग एका तात्यांनीच विचारलं, "एवढं मारून बी किडकी वांगी किती निघाली, त्याचे खडे कुठं ठेवायचे?" त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली असं मी धरतो.

याच बैठकीत हे विचारून घ्या: औषध कोणतं आणायचं ते कोण ठरवतं? पंप कोण पाठीवर घेतो? तोडा कोण करतं? बहुतेक ठिकाणी उत्तर असं येतं की औषध दुकानदार सांगतो, फवारणी घरधनी किंवा मजूर करतो आणि तोडा, खुरपणी बायका करतात. म्हणजे झाडाच्या सगळ्यात जवळ बाई असते. मान टाकलेला शेंडा, पानाखालची पांढरी माशी, डागी फळ आधी तिला दिसतं, आणि बैठकीला तिला कुणी बोलवत नाही. तिला बोलवायचं तर वेळ तिच्या सोयीची हवी. सकाळचा स्वयंपाक उरकून तोड्याला निघण्याआधी किंवा तोडा नसलेल्या दिवशी. बाजाराचा दिवस टाळा. आणि "महिलांसाठी वेगळी सभा" नको. त्याच गटात, त्याच चादरीवर बसू द्या.

कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारालाही पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटा. त्याच्याविरुद्ध गावात बोलू नका. उधारीवर माल देणारा तोच असतो, अडीनडीला फोन उचलणाराही तोच. त्याला शाळेत एक दिवस बोलवा. कामगंध गोळ्या, चिकट सापळे, जैविक औषधं त्याने ठेवली नाहीत, तर तुमच्या शेतकऱ्यांना ती शोधत तालुक्याला जावं लागेल आणि ते जाणार नाहीत.

गट आणि प्लॉट

वीस ते पंचवीस जणांचा गट पुरे. शक्यतो एकाच शिवारातले, बांधाला बांध लागलेले घ्या. याचं कारण सापळ्यांच्या भागात कळेल.

शिकायचा प्लॉट दहा ते वीस गुंठ्यांचा असावा, गटातल्याच एका शेतकऱ्याचा, पायवाटेला लागून. त्याचे दोन भाग करा. एका भागात एकात्मिक पद्धत, दुसऱ्यात गावात चालते तशी. वाण एकच, लागवडीची तारीख एकच, पाणी आणि खत सारखं. नाहीतर शेवटी कुणीतरी म्हणेलच की तुमच्या बाजूला खत जास्त पडलं होतं, आणि त्यात तथ्य असेल.

ज्याचं शेत घ्याल त्याच्याशी नुकसानीची बोलणी आधीच, गटासमोर करा. एकात्मिक भागात माल कमी निघाला तर फरक कोण भरणार, हे तोंडी का होईना पण चारचौघांत ठरलेलं हवं. हे ठरलेलं नसलं की पाचव्या आठवड्यात पहिले शेंडे वाळताना दिसतात आणि घरातलं कुणीतरी रात्री गुपचूप फवारून टाकतं. त्यांचा दोष नाही. ते पीक म्हणजे त्यांच्या घरातलं वर्षाचं मीठ-मिरचीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं आहे.

रोपवाटिकेचं थोडक्यात सांगतो. गादीवाफा करा, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळा आणि वाफ्यावर बारीक जाळीची नायलॉन नेट टाका. जुन्या वांग्याच्या प्लॉटशेजारी रोपं टाकू नका. लागवडीआधी कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेरून घ्या.

शाळेचा दिवस

आठवड्यातून एक दिवस, सकाळी. ऊन चढलं की बरेचसे किडे पानाआड जातात आणि माणसंही सावली शोधतात. दोन-अडीच तासांत संपवा.

पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटात किमान एक बाई आणि एक लिहिता येणारा. प्रत्येक गट दोन्ही भागांत जाऊन प्लॉटभर विखुरलेली पाच-पाच झाडं बघतो. बांधाकडची झाडं सोडा, तिथे चित्र वेगळं असतं. झाड बघायचं ते खालून वर: बुडाजवळची माती, खालची पानं उलटी करून, मग मधली, मग शेंडा, फुलं, फळं. मोजायचं काय? वाळलेले शेंडे, डागी फळं, तुडतुडे, मावा, पांढरी माशी, आणि त्याच झाडावर दिसलेले मावा खाणारे ढालकिडे, कोळी, क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी. झाडाची उंची, नव्या फांद्या, मातीतली ओल, तण, आभाळ हेही टिपून घ्यायचं.

मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर चित्र काढायचं. मधे वांग्याचं झाड, एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, प्रत्येकाखाली आकडा. वर ऊन आहे की ढग, खाली ओल किती. खडूचे रंग द्या. लिहिता न येणारा माणूस किडा अचूक काढतो, कारण त्याने तो वर्षानुवर्षं पाहिलेला असतो. चित्र संपलं की गटातला एक जण उभा राहून सांगतो: आम्हाला हे दिसलं, म्हणून या आठवड्यात आम्ही हे करणार किंवा काही करणार नाही. बाकीचे प्रश्न विचारतात, वाद होतो आणि शेवटी प्लॉटचा निर्णय गट घेतो.

इथे तुमची खरी परीक्षा आहे. कुणीतरी मुठीत किडा धरून आणतो आणि विचारतो, "साहेब, हा कोणता?" उत्तर तुमच्या जिभेवर असतं. देऊ नका. विचारा: कुठे सापडला? पानावर का शेंड्यावर? काय करत होता? एकटा होता की जमावाने? आजूबाजूला मावा होता का? या प्रश्नांची उत्तरं शोधायला तो माणूस परत सरीत जातो, आणि त्या दिवशी त्याने जे पाहिलं ते तो विसरत नाही. नाव नंतर सांगता येतं. सुरुवातीला हे फार जड जातं, कारण आपल्याला उत्तरं देण्यासाठी नेमलंय असंच आपण समजत असतो.

निर्णयाला आधार म्हणून आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे कीड किती वाढली की उपाय करणं परवडतं तो आकडा, शिकवा, पण तिला ब्रह्मवाक्य करू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेच्या मार्गदर्शनात दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर फवारणी टाळता येते, असा ढोबळ अंदाज दिलेला आहे. चित्रावरचे आकडे समोर असताना ही गोष्ट शेतकऱ्यांना लगेच पटते. मात्र हे गणित मावा, तुडतुड्यांसारख्या उघड्यावर राहणाऱ्या किडींना लावा. शेंड्यात शिरलेल्या अळीपर्यंत ढालकिडा पोचत नाही.

दाखवायचे प्रयोग

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे.

पहिला प्रयोग सुरीचा. मान टाकलेला शेंडा खुडून आणायला सांगा आणि तो गटातल्याच कुणाला तरी उभा चिरायला द्या. आत पोकळ नळी, ओलसर काळसर विष्ठा, आणि तिच्या टोकाशी फिकट गुलाबी अळी वळवळत असते. विचारा, वरून मारलेलं औषध हिच्यापर्यंत कसं जाणार? मग डागी वांगं घ्या. त्यावरचं मोठं भोक दाखवून विचारा, अळी इथून आत गेली का? सगळे हो म्हणतात. खरं तर आत शिरलेली अळी टाचणीच्या टोकाएवढी असते आणि फळ वाढताना ते भोक भरून येतं. दिसतं ते मोठं भोक बाहेर पडल्याचं. म्हणजे ते वांगं पाहून फवारणारा माणूस घर सोडून गेलेल्या चोरासाठी दार लावत असतो. अळी तोवर खाली पालापाचोळ्यात कोष करून बसलेली असते. पतंग रात्री पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालतो आणि अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. ती उघड्यावर असते तेवढा वेळ इतका थोडा असतो, हे एकदा समजलं की शेंडे खुडायचं काम लोकांना पटतं.

दुसरा प्रयोग बरणीचा. पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या, तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर लावा. आत मावा असलेली एक डहाळी ठेवा आणि ढालकिड्याची एक अळी सोडा. मावा मोजून ठेवा. बरणी कुणाच्या तरी घरी, मुलांच्या नजरेसमोर ठेवायला द्या, रोज मोजायला सांगा. ढालकिड्याची अळी काळपट, लांबट, सुसरीसारखी दिसते आणि बहुतेक शेतकरी तिला किडीची अळी समजून चिरडतात. पुढच्या आठवड्यात बरणी परत येते तेव्हा बरोबर घरातलं पोरही येतं आणि किती खाल्ले ते तेच सांगतं.

मित्र कोण आणि शत्रू कोण, इथे वांग्याच्या प्लॉटवर एक मोठी गफलत होते. ढालकिड्याच्याच घराण्यातला एपिलॅक्ना भुंगेरा वांग्याची पानं खातो. दोघांच्या पाठीवर ठिपके. शेजारी शेजारी ठेवून बघायला लावा. ढालकिड्याची पाठ तुकतुकीत चमकते, एपिलॅक्नाची निस्तेज असते आणि भिंगाखाली तिच्यावर बारीक लव दिसते. त्याची अळी पिवळसर, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची, आणि ती बसलेली असते तिथल्या पानाची जाळी झालेली असते. तसंच सिरफिड माशीचं. तिची अळी बिनपायाची, हिरवट, गोगलगायीच्या पिल्लासारखी लिबलिबीत. माव्याच्या वसाहतीत बसून ती मावा शोषते आणि नेमकी तिथेच सापडते म्हणून तिच्यावर आळ येतो. पोरांच्या खेळण्यातलं स्वस्तातलं भिंगसुद्धा इथे कामाला येतं.

तिसरा प्रयोग कात्रीचा. शाकीय वाढीच्या काळात दहा झाडांची चौथा हिस्सा पानं कापून टाका आणि झाडांना फिती बांधून ठेवा. पानं गेली म्हणजे पीक गेलं ही भीती फार खोल असते. पुढच्या काही आठवड्यांत ती झाडं बाकीच्यांच्या शेजारी वाढताना लोक स्वतः बघतात. पानावर चार भोकं दिसली की पंप काढायचा, ही सवय इथेच ढिली पडायला लागते.

चौथा प्रयोग रंगाचा. पंपात नुसतं स्वच्छ पाणी भरा, त्यात खाण्याचा लाल रंग कालवा. पंप धुतलेला, औषधाचा अंश नसलेला हवा. फवारणाऱ्याला जुना पांढरा सदरा आणि पायजमा घालायला द्या आणि रोज मारतो तसंच पाच सऱ्या मारायला सांगा. मग त्याला सगळ्यांसमोर उभं करा. मांड्या, पोट, मनगटं, पंप गळत असेल तर सगळी पाठ लाल. एकदा पंप मारणाऱ्या दादांची बायको हे बघून काही न बोलता त्यांच्या सदऱ्याची बाही हातात धरून उभी राहिली. ते कपडे दर वेळी ती हाताने धूत होती. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, हे गावागावात माहीत आहे. पण ती बातमी दूरची वाटते. स्वतःच्या सदऱ्यावरचा लाल रंग दूरचा नसतो.

सापळे, आणि सगळ्यांनी मिळून करायचं काम

कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतात. मादीच्या वासाची गोळी लावलेली असते, नर तिच्या शोधात येऊन अडकतो. आता विचार करा, एकट्याने दहा गुंठ्यांत सापळे लावले तर शेजारच्या प्लॉटमधून मिलन झालेल्या माद्या उडत येणारच. म्हणून सुरुवातीला म्हटलं, बांधाला बांध लागलेले शेतकरी घ्या. किडीला सातबारा कळत नाही, असं आमच्या गटातले एक आण्णा म्हणायचे.

नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर एकरी चार-पाच सापळे पुरतात. पतंग पकडूनच संख्या कमी करायची तर हेक्टरी १०० सापळ्यांपर्यंत शिफारस आहे, म्हणजे साधारण दर दहा मीटरला एक. गोळी वांग्याच्या अळीचीच आणा. टोमॅटो, हरभऱ्यावरच्या घाटे अळीची गोळी वेगळी असते, आणि ती वांग्यात लावून "सापळे चालत नाहीत" म्हणणारे मी खूप पाहिलेत. गोळीला तंबाखू मळलेला किंवा औषधाचा हात लावू नका. पाकिटाचा कागद शेतात टाकू नका, त्यालाही वास असतो. सापळा पिकाच्या शेंड्यांच्या उंचीवर ठेवा आणि झाड वाढेल तसा वर सरकवा. पाकिटावर दिलेल्या मुदतीत गोळी बदला.

याच्या जोडीला शेंडे खुडणं. आठवड्यातून एकदा, मान टाकलेला प्रत्येक शेंडा अळी असलेल्या भागाच्या खालून खुडायचा, पिशवीत घ्यायचा आणि प्लॉटच्या बाहेर नेऊन नष्ट करायचा. सरीत टाकलात तर कष्ट वाया. किडकी वांगीही तशीच. ती बांधावर ढीग करून ठेवली की त्यातल्या अळ्या कोषात जातात आणि पतंग होऊन परत येतात. हे काम तोड्याबरोबर करता येतं, पण मजुरीने आलेल्या बायका ते फुकट का करतील? त्यासाठी दिवसाला थोडी जास्तीची मजुरी धरा आणि ती हिशेबात दाखवा.

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी, तुडतुडे, मावा यांच्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. त्यांना मित्रकीटकही चिकटतात, म्हणून कार्ड बघताना तेही मोजायला लावा. ट्रायकोकार्ड वापरणार असाल तर पतंग सापळ्यात दिसायला लागताच लावा, कारण या कार्डातून निघणारी ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी किडीच्या अंड्यावर काम करते, अळीवर नाही. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचा, आणि त्या दिवसांत रासायनिक फवारणी करू नका.

इतर भाज्यांसाठी हेच सूत्र, सोबती फक्त बदलतात. टोमॅटोत दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घेतलं की दोघांना एकाच वेळी फुलं येतात आणि घाटे अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे ओढला जातो. कोबीत दर २५ ओळींमागे मोहरी, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी. कारली, दोडका, काकडीत फळमाशीसाठी क्यू-ल्युर या गंधाचे सापळे आणि गळलेली फळं वेचून खोल पुरणं. टोमॅटोवरची टुटा नागअळी आपल्याकडे २०१४ साली पुणे भागात पहिल्यांदा नोंदली गेली. तिची गोळीही वेगळीच मागा.

फवारायची वेळ आली तर

ती येते. फवारणी म्हणजे पाप, असं शिकवू नका. तसं शिकवलं की शेतकरी तुमच्यापासून लपवून फवारतो आणि मग शिकणंच थांबतं.

पहिली धाव पाच टक्के निंबोळी अर्काकडे. वाळलेल्या निंबोळ्यांची ५ किलो भरड पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत गावातच पडतात. बचत गटाच्या बायकांनी त्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर हंगामभर पुरतात आणि त्यांना चार पैसेही मिळतात. वर्षाहून जुन्या निंबोळ्या नकोत. हा अर्क मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि अंडी-लहान अळीच्या टप्प्यात काम करतो. मोठ्या अळीवर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका आणि तसं आश्वासनही देऊ नका.

रासायनिक औषध घ्यायचं ठरलं तर गटाने मिळून बाटलीची चिठ्ठी वाचावी. त्यावर वांग्याचं नाव आहे का? प्रमाण किती? फवारल्यापासून तोड्यापर्यंत किती दिवस थांबायचं? त्रिकोणाचा रंग कोणता? लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवणं थांबवा. एकाच रासायनिक गटातलं औषध लागोपाठ नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं वारंवार मारली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी, कोळी कीड (पानांतला रस शोषणारे बारीक लाल कोळी, मित्र कोळी नव्हेत) उसळी घेते, हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं कारण तेवढं जोडून द्या. उपाशीपोटी फवारू नये, वाऱ्याच्या उलट जाऊ नये, रिकामी बाटली भोक पाडून निकामी करावी, आणि चक्कर, मळमळ वाटली तर दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यावी.

वही

दोन्ही भागांची वेगळी वही ठेवा, आणि ती शेतकऱ्याच्या घरातल्या कुणीतरी लिहावी. औषध, मजुरी, सापळे, शेंडे खुडायचे दिवस. प्रत्येक तोड्याला चांगला माल किती, किडका किती, बाजारात काय दर मिळाला. शेवटी बघायचं ते हातात राहिलेले पैसे. एकात्मिक भागात कधी माल थोडा कमी निघतो आणि तरी पैसे जास्त उरतात, कारण औषधाचा खर्च वाचलेला असतो. कधी उलटही होतं, विशेषतः पहिल्या वर्षी, शेजारी साथ देत नसतील तर. जे निघेल ते गटासमोर जसंच्या तसं मांडा. आकडे सावरून सांगितलेले शेतकऱ्याला लगेच कळतात.

हंगाम संपताना

शेवटच्या तोड्यानंतर लोकांचं प्लॉटवरचं लक्ष उडतं आणि शाळाही तिथेच बंद पडते. ती अजून दोन आठवडे चालू ठेवा. दर कमी झाल्यामुळे सोडून दिलेलं वांगं म्हणजे पुढच्या लागवडीसाठी पाळलेली कीड. पीक उपटून काढायचा दिवस सगळ्या शिवाराने एकच ठरवावा.

उपटलेली झाडं बरेच जण चुलीसाठी घराच्या मागे रचून ठेवतात. त्या काटक्यांत आणि वाळल्या पानांत कोष असतात आणि पुढचे काही आठवडे त्यातून पतंग निघत राहतात. सरपण लागणार असेल तर लगेच वापरा, नाहीतर ढिगावर जुनी नायलॉन जाळी घट्ट टाकून कडा मातीने दाबा. आणि पुढच्या हंगामाचा गादीवाफा कुठे करायचा ते याच बैठकीत ठरवा, त्या ढिगापासून आणि जुन्या प्लॉटपासून जितका लांब जमेल तितका.